मिशनच्या शाळेतली पहिली-दुसरी



उन्हाळा सरत आला की आपल्या खानदेशात घरोघरी दोन विषय निघतात. पहिला शेताचा. कापूस किती, मका किती, बियाणं कुठून आणायचं. दुसरा घरातल्या धाकट्याचा. त्याला सहावं वर्ष लागलं, आता शाळा कोणती?

जिल्हा परिषदेची शाळा गावातच असते. पण तालुक्याच्या गावी मिशनची शाळा असते, नाहीतर एखादं कॉन्व्हेंट असतं आणि त्याची पिवळी गाडी आता आपल्या फाट्यापर्यंत येते. मग घरात वाद होतात. बाप म्हणतो, तिथं शिस्त लागेल, इंग्रजी येईल. आजी म्हणते, तिथं पोराला आपला देव विसरायला लावतील. आई मुकाट्यानं भाकरी थापत असते. तिच्या मनात एकच असतं, एवढंसं लेकरू तिथं रडलं तर त्याला पोटाशी कोण धरील?

तिघांचीही काळजी खरी आहे. पण त्या शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभर काय चालतं, हे तिघांपैकी कुणी पाहिलेलं नसतं. पाटी पाहून शाळा ठरते आणि फी भरण्यासाठी कापसाचे पैसे हातात येण्याआधीच उचल घेतली जाते. म्हणून आज त्या वर्गात डोकावू या.

आपल्याकडे या शाळा नव्या नाहीत. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम म्हणजे धुळे, आणि त्यातूनच १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्या काळात पूर्वेला भुसावळ-चाळीसगावकडे अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनची माणसं काम करत होती, तर पश्चिमेला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात त्याची खूण आजही आहे. पुढे कॅथलिक भगिनींच्या शाळा आल्या. भुसावळचं सेंट अलॉयशियस, जळगावचं सेंट जोसेफ, धुळ्याचं कनोसा ही नावं तुमच्या ऐकण्यात असतीलच.

महाराष्ट्राचा विचार केला तर हे नातं आणखी जुनं आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार बाईंनी चालवलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा तिथली बालोद्यानाची पद्धत शिकून आल्या. लहान मुलाला गाण्यातून, खेळातून आणि हातात वस्तू देऊन शिकवायचं, अशी ती पद्धत. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं ती सुरू केली होती. तो एका पाद्र्याचा मुलगा.

पण सगळं तिकडून इकडे आलं असंही समजू नका. आपल्याकडे पूर्वी पोरं पाटावर धूळ पसरून बोटानं धुळाक्षरं गिरवायची. दक्षिणेतही मुलं अशीच वाळूवर लिहीत. मद्रासला अँड्र्यू बेल नावाचे पाद्री अनाथ मुलांची शाळा पाहत होते. वाळूवर बोटानं अक्षर काढणारी मुलं पाहून त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत लावली. मोठ्या मुलानं लहानाला शिकवायचं, हीही रीत त्यांनी वापरली. १७९७ साली त्यांनी यावर पुस्तक छापलं आणि इंग्लंडातली गरीब पोरं वाळूच्या ताटात अक्षरं गिरवू लागली. तेव्हा मिशनची शाळा म्हणजे सगळंच परकं, असा धाक धरायचं कारण नाही.

आता वर्गात जाऊ.

दिवसाची सुरवात प्रार्थनेनं होते. हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि मिळालेल्या अन्नाबद्दल, आईबापांबद्दल देवाचे आभार मानायचे. मग हजेरी. मोठ्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. पण सहा वर्षांच्या पोराला आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं, ऐकू जाईल असं बोलायचं, दुसऱ्याचं नाव असेल तर गप्प राहायचं, हा मोठाच धडा असतो. घरी त्याला 'बाळ्या' नाहीतर 'पोऱ्या' म्हणून हाक मारतात. पूर्ण नावानं त्याला कुणी मानानं हाक मारल्याचा तो पहिलाच प्रसंग असतो.

त्यानंतर गोष्ट. ख्रिस्ती शाळेचं वेगळेपण इथं दिसतं. बायबलातल्या गोष्टी लहान वर्गात पुन:पुन्हा सांगतात. महापुरात माणसं आणि जनावरं वाचवणारा नोहा, मेंढ्या राखणारा छोटा दावीद, सात वर्षं सुकाळ असताना पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळासाठी धान्य साठवणारा योसेफ. वाटेत मार खाऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणारा शोमरोनी. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून रानोमाळ हिंडणारा मेंढपाळ. जोडीला मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा. त्यातल्या मुलांना समजतील त्या अशा, की आईबापाचा मान राखावा, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये.

नीट पाहा, या गोष्टी मुळात शेतकऱ्या-मेंढपाळांच्याच आहेत. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. शेतकरी बी फेकत चालला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळ जागी पडलं, उगवलं आणि उन्हानं करपलं. काही काट्यांत पडलं, ते काट्यांनी दाबून टाकलं. चांगल्या जमिनीत पडलं त्याला तीसपट, साठपट, शंभरपट आलं. शहरातल्या पोराला हे चित्र काढून समजावून सांगावं लागतं. तुमच्या पोरानं ते बांधावर बसून पाहिलेलं असतं. बाईंनी विचारलं, "वाटेवर पडलेलं बी का उगवत नाही?" तर वर्गात पहिला हात त्याचाच वर जायला हवा.

पण तो हात वर जातो का? सगळं इथंच अडतं.

धुळ्या-जळगावचं पोर घरी अहिराणी बोलतं, नाहीतर तावडी. शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यात ते पावरी किंवा भिली बोलतं. साक्री, नवापूरकडे मावची, कोकणी. शाळेत पुस्तकी मराठी असते आणि कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी. अहिराणीत 'माझं-तुझं' हे 'मनं-तुनं' असतं, आणि 'कुठं' याला 'कथा' म्हणतात. आता बाई म्हणाल्या, "मुलांनो, कथा ऐका," तर आपलं पोर बिचारं 'कुठं?' म्हणून इकडेतिकडे बघणार! त्यात ते मठ्ठ आहे असं काही नाही. त्याच्या घरचा शब्द त्या वर्गात पोचलेला नाही, एवढंच. आणि इंग्रजीत तर तेवढाही धागा सापडत नाही. ते गाणं पाठ म्हणतं, पाहुण्यांपुढे हात हलवून दाखवतं, बापाची छाती फुगते. पण त्या गाण्यात कोण कुठं चाललंय हे विचारा. उत्तर आलं नाही, तर ते शिकणं जिभेपर्यंतच राहिलं असं समजा.

पाठ करणं वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. लहान वयात कान हाच मोठा गुरू. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर ओळख नव्हती. ओव्या, कीर्तनं, जात्यावरची गाणी ऐकूनच त्यांच्या मनाची शाळा झाली, आणि १९५२ साली त्यांची गाणी छापली गेली तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. कानबाईची गाणी आपल्या पोरींना कुणी पुस्तकातून शिकवतं का? गाण्यातून शब्दाचे तुकडे कानाला कळतात, आणि पुढे अक्षरं जुळवताना तेच उपयोगी पडतं. मराठी ख्रिस्ती मंडळींनाही हे ठाऊक होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं लिहिली ती आपल्या ओवी-अभंगाच्या वळणानं, म्हणून ती खेड्यातल्या माणसाच्या तोंडी बसली. 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक मिशनऱ्यांनी १८७३ साली काढलं तेही मराठीतच. लहान मुलाला त्याच्या भाषेतूनच शिकवावं, हे त्या जुन्या लोकांना पटलेलं होतं. आज कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, असं समीकरण होऊन बसलं आहे.

गोष्टीनंतर अक्षरं आणि अंक. सरकारमान्य मराठी माध्यमाची मिशन शाळा असेल तर पुस्तकं बालभारतीचीच असतात, जी तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात. १९६७ साली बालभारती सुरू झाली. इंग्रजी हा विषयही महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्याच शाळांत पहिलीपासून आहे. म्हणजे फक्त इंग्रजीची अक्षरओळख हवी म्हणून लांब पाठवण्याची गरज नाही. केंद्रीय बोर्डाच्या शाळेत पुस्तकं वेगळी आणि बहुधा महाग असतात, ते आधी विचारून घ्या.

चांगल्या शिक्षिकेच्या वर्गात अंक हातानं शिकवतात. चिंचोके, खडे, काड्या. दहा काड्यांची जुडी म्हणजे एक दशक. आपल्याकडे तर केळीचा घडच आहे. घडाला किती फण्या, एका फणीला किती केळी, हे यावल-रावेरचं पोर मोजू शकतं. अक्षर शिकवताना चित्र दाखवायचं, हीही फार जुनी युक्ती. १६५८ साली कोमेनियस नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूनं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. त्यात कावळा कसा ओरडतो, कोकरू कसं ओरडतं, त्यावरून अक्षरांचे आवाज शिकवले होते. साडेतीनशे वर्षं उलटली, पण पोराला ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी गोष्टीकडे न्यावं, ही रीत अजून जुनी झालेली नाही.

आणि काही धडे पुस्तकात नसतात. डबा उघडण्याआधी हात धुणं. ज्याच्या डब्यात काही नाही त्याला अर्धी भाकर देणं. पाटी दुसऱ्याची असेल तर विचारून घेणं. चुकलं तर माफी मागणं, आणि दुसऱ्यानं मागितली तर राग सोडणं. एकाच बाकावर पाटलाचा मुलगा, सालदाराचा मुलगा आणि तडवीचा मुलगा बसणं. नाताळ आला की नाटुकलं होतं. त्यात कुणी मेंढपाळ होतो, कुणी तारा. गोठ्यात, जनावरांच्या गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची ती गोष्ट. गुरांच्या गोठ्याशेजारी वाढलेल्या पोराला ती परकी वाटत नाही.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न टाळून चालणार नाही. पोराला धर्माचं शिक्षण सक्तीनं देता येतं का? नाही. आपल्या राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम याबद्दल स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण वा उपासना असली, तरी पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला त्यात बसवता येत नाही. त्याचबरोबर तिसावं कलम अल्पसंख्य समाजाला आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. दोन्ही गोष्टी एकाच घटनेत आहेत. शाळा त्यांची, पण पोर तुमचं. कॅथलिक शाळांतून बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी इतर मुलांना नीतिशिक्षणाचा. तुमच्या शाळेत काय रीत आहे, ते मुख्याध्यापकांना सरळ विचारा. विचारण्यात भांडण नाही आणि अपमानही नाही. नको असेल तर तसं लेखी द्या. आणि मुलानं शोमरोन्याची गोष्ट ऐकावी असं वाटलं, तर तेही तुमच्याच मर्जीनं. चांगली गोष्ट ऐकल्यानं घरचा देव रुसत नाही. पण घरी आजीनं गोष्ट सांगणंच सोडलं असेल, तर दोष शाळेला देऊ नका.

पैशाचंही बोलून घेऊ. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के मोफत जागा सगळ्या शाळांत मिळतात, असं पुष्कळांना वाटतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून वगळल्या. म्हणून मिशनच्या शाळेत ती जागा गृहीत धरू नका. फी, गाडीभाडं, गणवेश, बूट, पुस्तकं यांची वर्षाची बेरीज कागदावर मांडा. मग एवढे पैसे दहावीपर्यंत निघतील का ते बघा. एक साल कापूस गेला आणि चौथीत पोराला शाळेतून काढावं लागलं, तर त्याचे हाल दुप्पट. इंग्रजी धड आलेलं नसतं, आणि मराठी वाचायची सवय राहिलेली नसते.

शाळा ठरवण्याआधी एक दिवस मोडून तिथं जाऊन या. मायबाप दोघांनीही जा. आणि या गोष्टी बघा.

पहिलीच्या वर्गात पोरं बोलतात का? वर्ग स्मशानासारखा शांत असेल तर त्याला शिस्त म्हणू नका, तो धाक आहे. पोरांना मारतात का, तेही विचारा.

बाईंना अहिराणी किंवा तिथली बोली कळते का? पोरानं 'पानी' म्हटलं तर त्या हसतात, की 'पाणी' म्हणून हळूच पुढे नेतात? हसणाऱ्या बाईंच्या वर्गात पोर वर्षभर तोंड उघडणार नाही.

एका वर्गात पोरं किती? गाडीत बसून जायला-यायला किती वेळ लागतो? सहा वर्षांचं पोर अंधारात उठून जाणार आणि संध्याकाळी पेंगत येणार असेल, तर ते शिकणार कधी?

सगळ्यात शेवटी दुसरीतल्या एखाद्या मुलाला एक धडा वाचायला सांगा आणि काय वाचलंस ते त्याच्या शब्दांत विचारा. २०२१ साली केंद्र सरकारनं 'निपुण भारत' मोहीम सुरू केली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा, एवढंच तिचं मागणं आहे. शाळा मिशनची असो की जिल्हा परिषदेची, हे एकच माप लावा. गावातली शाळा या मापाला उतरत असेल, तर पिवळ्या गाडीची वाट बघायची गरज नाही. उतरत नसेल, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन बोला. त्या समितीत पालकच जास्त असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

शाळा कोणतीही निवडली तरी घरचं काम सुटत नाही. रात्री जेवताना पोराला विचारा, "आज शाळेत काय गोष्ट सांगितली?" आणि ती अहिराणीत सांगू द्या. अधेमधे चूक काढू नका. जी गोष्ट पोर आपल्या बोलीत सांगू शकतं, ती त्याला समजलेली असते. मग तुम्हीही एक गोष्ट सांगा, आजोबांची, दुष्काळाची, नाहीतर बैलाची. आई शिकलेली नसली तरी चालेल. बाजारात पोराकडून पैसे मोजून घ्या. बसवरची पाटी वाचून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत चार हात कमी पडतात हे मलाही माहीत आहे. पण पहिली-दुसरीच्या पोराची शाळा त्यासाठी बुडवू नका. महिनाभर घरी राहिलेलं पोर परत गेलं की अर्धा धडा पुढे गेलेला असतो. बाक तोच असतो, पण त्याला कळत काही नाही, आणि भीती तिथूनच सुरू होते.

पेरणाऱ्याच्या त्या गोष्टीत बियाण्याला कुणी दोष दिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बी सगळीकडे एकच होतं. तुमच्या पोराच्या हुशारीबद्दलही तसंच समजा. ते कोणत्या पाटीच्या शाळेत बसतं, याहून त्याला तिथलं बोलणं कळतं का, त्याला भीती वाटते का, आणि घरी कुणी त्याचं ऐकून घेतं का, याला जास्त महत्त्व आहे. या तीन गोष्टी यंदा प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी तपासा. त्या तपासायला पैसे पडत नाहीत.